फक्की, पिंपं आणि चौदा पट्टे : शाळेसमोरच्या झेब्रा क्रॉसिंगच्या नोंदी

माझं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान आहे, समोर शाळा, मध्ये रस्ता. मी इंजिनिअर नाही. मुलांना हा रस्ता नीट ओलांडता यावा म्हणून जी खटपट केली, तिच्या या नोंदी बिलबुकाच्या मागच्या पानांवर लिहीत गेलो, त्या इथे उतरवतो आहे. कुणाला आपल्या गल्लीसमोर असं काही करायचं असेल तर निदान माझे चार महिने त्याचे वाचतील.

२४ जून २०२४, सोमवार

शनिवारी दुपारी शाळा सुटताना दुसरीतल्या एका मुलीला दुचाकीची धडक बसली. मनगट मोडलं, बाकी सुखरूप. दुकानापासून वीस पावलांवर. मी कुणाच्या तरी आधार कार्डाच्या प्रती काढत होतो, आवाज झाला तेव्हा मान वर केली. दुचाकीवाला पळाला नाही. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, तोच थरथरत होता. "काका, टेम्पोच्या पुढून एकदम आली ओ," एवढंच म्हणत होता. आम्ही सगळ्यांनी त्याला झापलं आणि त्याचं वाक्य कानाआड केलं.

जागा अशी: रस्ता कडेपासून कडेपर्यंत १४ मीटर, दुभाजक नाही. अलीकडे गावठाण आणि सिटी बसचा थांबा, पलीकडे शाळा. झेब्रा आहे, पण शाळेच्या जुन्या फाटकासमोर. फाटक बंद होऊन नवं फाटक ३१ मीटर पुढे गेलं, पट्टे मागेच राहिले. आता त्यांच्यावर रिक्षा उभ्या असतात.

२८ जून

अर्ज करायचा तर हातात आकडे हवेत म्हणून मोजणी केली. पहिला दिवस फुकट गेला. गिऱ्हाईक करत करत मोजत होतो, दर पाच मिनिटांनी आकडा विसरायचो.

दुसरा दिवस वेगळ्या चुकीने गेला. सकाळी साडेसहा ते साडेसात मोजलं, कारण शाळा सातची हे डोक्यात पक्कं बसलेलं. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं शासनाचं परिपत्रक फेब्रुवारीतच निघालंय. म्हणजे सगळ्यात लहान मुलं आता ऑफिसच्या ऐन गर्दीत रस्ता ओलांडतात, आणि मी मात्र रिकाम्या रस्त्यावर मोठी मुलं मोजत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी अकरावीतली दोन पोरं बसवली, एक माणसांना, एक गाड्यांना. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. साडेआठ ते साडेनऊ: रस्ता ओलांडणारे ३१०, वाहनं ११८०. त्यातले जुन्या झेब्रावरून गेले ९.

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांवरच्या पुस्तिकेत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, १९८८ च्या आवृत्तीपासूनचा एक ठोकताळा आहे. गर्दीच्या तासातले पादचारी गुणिले वाहनसंख्येचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हे दहा कोटींच्या वर गेलं तर तिथे रस्ता ओलांडायची सोय हवी. आमचं उत्तर त्रेचाळीस कोटी आलं. हा आकडा पुढे प्रत्येक टेबलावर कामाला आला. "फार गर्दी असते हो साहेब" म्हटलं की साहेब मान डोलावतात. त्रेचाळीस कोटी म्हटलं की पेन उघडतात.

४ जुलै

क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला. विषय: 'शाळेसमोर गतिरोधक बसविणेबाबत'. पोच घेतली, आवक क्रमांक लिहून ठेवला. हा विषय लिहिणं ही या सगळ्या कामातली सर्वांत महाग चूक. रोगाचं नाव सांगायच्या आधी मी गोळीचं नाव सांगून बसलो.

२१ जुलै

गतिरोधक आला! रात्रीतून. सध्या नगरसेवक नाहीत, प्रशासक आहेत, तरी गल्लीतल्या एका भाऊंनी कुठेतरी फोन फिरवला म्हणे. खड्डे बुजवायला आलेला माल उरला होता, तोच आडवा ओतला. रुंदी दीड फूट, उंची सहा इंच, वर रंग नाही, आधी फलक नाही. सकाळी आमचे पेढे वाटायचेच बाकी होते.

२३ जुलै

रात्री पावसात एक बाई स्कूटरवरून पडल्या. पाण्याखाली उंचवटा दिसलाच नाही. गुडघा फुटला, चष्मा गेला. दुकानातली मलमपट्टीची पेटी काढली. त्या विचारत होत्या, "कुणी केलंय हे?" मी गप्प बसलो.

घरी येऊन आयआरसी ९९, म्हणजे त्याच काँग्रेसची गतिरोधकांवरची पुस्तिका, वाचलं. आधी वाचायला हवं होतं. ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गाडी त्यावर चढते आणि उतरते. आमच्यावर ती आपटत होती.

९ ऑगस्ट

गतिरोधक निघाला. त्यासाठी दिलेला दुसरा अर्ज: 'गतिरोधक काढणेबाबत'. कारकुनाने दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. काढायला सतरा दिवस लागले. तेवढ्यात आणखी दोघं पडले, दोघंही थोडक्यात बचावले.

१२ ऑगस्ट

आज पहिल्यांदा कामाचं काही सापडलं.

त्या पोराचं टेम्पोचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. केरसुणीच्या दांड्याला साडेतीन फुटांवर मोबाइल रबरबँडने बांधला. दुसरीतल्या मुलीचे डोळे साधारण तिथेच येतात. व्हिडिओ चालू केला आणि मुलं जिथून रस्त्यात उतरतात तिथून दांडा धरून चालत गेलो. लोक बघत होते. चहावाली मावशी म्हणाली, "काका, झाडताय का शूटिंग करताय?"

संध्याकाळी तो व्हिडिओ बायकोबरोबर पाहिला. उजवीकडे बघितलं की टेम्पोचं चाक. त्या चाकापलीकडे काहीच नाही, रस्ता नाहीच. एक पाऊल पुढे, पुन्हा चाक. रस्त्यात साडेचार फूट आत आल्यावर एकदम येणाऱ्या गाड्या दिसतात, आणि गाड्यांनाही मूल तेव्हाच दिसणार. चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर येते. दुचाकीवाला खरं बोलत होता.

मग बायको म्हणाली, "आणि हे डावीकडे लाल काय आहे?" लाल म्हणजे माझ्या दुकानाचा उभा बोर्ड. 'झेरॉक्स, लॅमिनेशन, प्रोजेक्ट पेपर'. त्याला टेकून माझी अॅक्टिव्हा. डावीकडून येणाऱ्या गाड्या माझ्याच बोर्डामागे लपत होत्या. सहा वर्षं तो बोर्ड मी स्वतः रोज सकाळी तिथे नेऊन ठेवत होतो.

दुसऱ्या दिवशी तो शटरच्या वर टांगून घेतला. ₹ ९००.

१८ ऑगस्ट, रविवार

शहाणपणा आल्यावरही माणूस मूर्खपणा करतो, त्याची नोंद. आम्ही आठ जणांनी पहाटे पाचला नव्या फाटकासमोर स्वतःच झेब्रा रंगवला. दोरी धरून फक्कीने रेघा मारल्या, मास्किंग टेप लावली, आत पांढरा ऑइल पेंट. फक्की २००, रंग चार लिटर ११५०, ब्रश २६०, टेप १८०.

फोटो झकास आले. साडेआठला वाहतूक शाखेचे हवालदार आले आणि त्यांनी जे सुनावलं ते रास्तच होतं: परवानगीशिवाय रस्त्यावर खूण करता येत नाही, उद्या या पट्ट्यावर कुणी मेलं तर कोर्टात उभं कोण राहणार? त्यांनी नाव-पत्ता लिहून घेतला, पुढे काही केलं नाही.

खरी शिक्षा पावसाने केली. ऑइल पेंट ओला झाला की साबणासारखा. दोन दिवसांत एक मोटरसायकल त्यावर घसरली. रस्त्याच्या रंगात काचेचे मणी आणि खरबरीतपणा लागतो, भिंतीचा रंग भिंतीसाठीच असतो. गणपती यायच्या आत तो चाकांनी पुसून गेला, ते बरंच झालं.

३ सप्टेंबर

संयुक्त पाहणी. वाहतूक शाखेचे साहेब, पथ विभागाचे कनिष्ठ अभियंता, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि मी. या वेळी अर्जात उपाय लिहिला नव्हता. मोजणी, १४ मीटरचा नकाशा आणि केरसुणीचा व्हिडिओ दिला होता.

अभियंत्यांचा पहिला प्रस्ताव लोखंडी रेलिंगचा: लोकांना जुन्या झेब्रापर्यंत चालायला लावायचं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सर, माझी पोरं रेलिंगवरून उड्या मारतील, आणि त्यांच्या आया रेलिंगखालून वाकून जातील." मी गुपचूप दुकानातून खडू आणले. बसमधून उतरलेल्या लोकांच्या मागे खडूने रेघ ओढत गेलो. वीस मिनिटांत चाळीसेक रेघा, आणि सगळ्या तीन मीटरच्या पट्ट्यात. अभियंते त्या रेघांकडे बघत राहिले, मग म्हणाले, "ठीक आहे, झेब्रा इकडे आणू." माणूस सज्जन. त्यांच्याकडे अशा सत्तर जागा आहेत आणि जीप एक.

त्याच दिवशी घड्याळ लावून पाहिलं. दप्तरवाल्या मुलाला १४ मीटरला ११ सेकंद लागले, नातीला सोडायला आलेल्या आजींना १९. हिशेबात माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात, म्हणजे पावणेबारा. आजींचे वरचे सात सेकंद कुठल्या हिशेबात बसत नाहीत. त्यावरून रस्त्याच्या मध्ये थांबायला जागा ठेवायचं ठरलं. आधी आठ दिवस तात्पुरती करून बघा म्हणाले, लेखी परवानगी देतो.

मधे गणपती. मंडप रस्त्यातच होता, त्या दिवसांत गाड्या आपोआप हळू जात होत्या.

४ ऑक्टोबर

तात्पुरतं बेट, म्हणजे मधली थांबायची जागा, उभं केलं. भंगारवाल्याकडून पन्नास लिटरची जुनी निळी पिंपं, दहा नग, प्रत्येकी १८०. भरायला क्रशसँड, टेम्पोभाड्यासकट १४००. चकाकणाऱ्या लाल-पांढऱ्या टेपचं भेंडोळं १३५०. रस्त्याच्या मधोमध दोन मीटर रुंदीत अलीकडे पाच, पलीकडे पाच पिंपं, मध्ये माणसांना उभं राहायला साडेतीन मीटर मोकळी जागा. दोन्ही बाजूंना गाड्यांसाठी सहा-सहा मीटर उरले.

५ ऑक्टोबर

सकाळी एक पिंप तीस फूट लांब गटारात. धुळीने माखलेल्या पिंपाला टेप तशीच चिकटवली होती, रात्री ती सुटून लोंबत होती आणि पिंप अंधारात निळंच दिसत होतं. सगळी पिंपं थिनरने पुसून टेप पुन्हा लावली, दोन वेढे, एक वर एक खाली. नंतर एकही उडालं नाही.

दुपारी बसवाल्यांची अडचण. शेजारच्या गल्लीतून वळणाऱ्या बसचं मागचं चाक शेवटच्या पिंपाला घासत होतं. चालकदादा खाली उतरले, मला वर बसवलं आणि आरशातून दाखवलं. "काका, तुम्ही पुढचं चाक बघून आखलंय. बस मागच्या चाकाने वळते." त्या टोकाची दोन पिंपं काढून टाकली. कागदावर हे महिनाभर दिसलं नसतं.

११ ऑक्टोबर

आठ दिवसांचा हिशेब. आम्ही एक साधं माप ठरवलं होतं: माणूस कडेला पाऊल टाकून उभा आहे, अशा पन्नास वेळांपैकी किती वेळा गाडी थांबली किंवा स्पष्ट हळू झाली. पिंपांआधी ४. पिंपांनंतर १७.

सतरा म्हणजे फार नाही. पण बघायला बसलो तेव्हा वेगळंच दिसलं. लोक आता एका वेळी एकाच बाजूला बघत होते. त्या आजी मधे पोचल्या, पिंपावर हात ठेवून दम घेतला, पदर सारखा केला आणि मग पुढे गेल्या. जणू पिंप त्यांच्या अंगणातलंच होतं.

१५ ऑक्टोबर

विधानसभेची आचारसंहिता लागली. निविदा थांबली. २६ नोव्हेंबरपर्यंत लिहिण्यासारखं काही नाही. पिंपं मात्र तिथेच राहिली, 'काढा' असं कुणी म्हणालं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

१४ डिसेंबर

काल रात्री थर्मोप्लास्टचं काम. अर्धा मीटर पट्टा, अर्धा मीटर मोकळं, लांबी चार मीटर. १४ मीटरच्या रस्त्याला १४ पट्टे. मुकादम अनुभवी. भट्टीत पांढरी पावडर वितळवून दाट लापशी करतात, ढकलगाडीने अंथरतात, वरून लगेच काचेचे मणी. रात्री अकरापासून दहा पट्टे सुरेख झाले. मग भट्टीचा गॅस संपला. दुसरं सिलिंडर यायला दीड वाजला, पुन्हा गरम व्हायला तीन. उरलेले चार पट्टे पहाटे चारला मारले आणि तोपर्यंत दव पडलं होतं. हात लावला तर डांबर ओलं. मी म्हणालो, "मामा, उद्या करू." ते म्हणाले, "उद्या मशिन दुसऱ्या वॉर्डात." माझाही चहा तोपर्यंत ३२० रुपयांचा झाला होता, मी फार ताणलं नाही.

सकाळी त्या चार पट्ट्यांवर पापडासारखे फुगे. दुपारपर्यंत तुकडे निघायला लागले.

२० डिसेंबर

ते चार पट्टे खरवडून भर दुपारी, अर्धा रस्ता बंद करून पुन्हा मारले. अभियंत्यांनी बिल अडवून ठेवलं होतं म्हणून हे झालं. मणी पडलेत की नाही ते बघायची युक्ती मुकादममामांनीच शिकवली: रात्री बॅटरी डोळ्याशेजारी धरून पंधरा-वीस पावलांवरून पट्ट्यावर मारायची. मणी असतील तर पट्टा पेटतो. आमचा सहावा पट्टा अर्धाच पेटला. मण्यांचा टोप त्या वेळी रिकामा झाला असणार. तो तसाच राहिला.

१७ जानेवारी २०२५

पक्कं बेट झालं. कडेला कर्बस्टोन म्हणजे काठाचे दगड, मध्ये चालायची वाट रस्त्याच्याच पातळीला. त्या वाटेवर दुचाकी घुसू नये म्हणून खांब लावले, तेही एकमेकांपासून दोन फुटांवर. पहिल्याच दिवशी एका आजोबांची व्हीलचेअर अडकली. मधला खांब उपटून तीन फुटांहून जास्त जागा केली. आता अधूनमधून दुचाकी घुसते. चालेल.

३० जानेवारी

बसथांब्याचं पत्र अखेर मंजूर. थांबा झेब्राच्या अलीकडे होता, त्यामुळे उतरलेली माणसं उभ्या बसच्या पुढून रस्त्यात येत आणि बसला मागे टाकणाऱ्याला ती दिसत नसत. आता थांबा झेब्रा ओलांडून पुढे. म्हणजे लोक उभ्या बसच्या मागून रस्ता ओलांडतात. खर्च: एक खांब आणि एक पाटी हलवणं. वेळ: चार महिने, तीन खाती.

१८ फेब्रुवारी

टेम्पो. सगळं टेम्पोपासून सुरू झालं आणि टेम्पो शेवटी राहिला. 'नो पार्किंग'चा फलक लावला होता, टेम्पो त्या फलकाला टेकून उभा. मालक आमच्याच गल्लीतले. दोनदा भांडलो. तिसऱ्यांदा भांडलो नाही, मोबाइल पुढे केला आणि केरसुणीचा व्हिडिओ दाखवला. ते बघत राहिले. "हे माझंच चाक का?" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून टेम्पो मागच्या मैदानात. मावशींची चहाची गाडीही आठ फूट मागे सरकली, त्याबदल्यात त्यांना माझ्या दुकानातून बल्बचं कनेक्शन.

झेब्राच्या दोन्ही बाजूंना सात-सात मीटर आता मोकळं आहे. आज पुन्हा पन्नास वेळा मोजलं: ३१. पक्कं बेट, थर्मोप्लास्ट, कर्बस्टोन एवढा सगळा पालिकेचा खर्च झाल्यावर जानेवारीअखेर आकडा २२ होता. बाकीचे नऊ नुसत्या मोकळ्या जागेचे. हे काम जूनमध्येच फुकटात करता आलं असतं.

दहावीची परीक्षा शुक्रवारी सुरू होते, शाळेत केंद्र आहे. सकाळी सहा जणांनी उभं राहायचं ठरलंय.

माझ्या खिशातला एकूण खर्च: ₹ ७,५६०. त्यातले १,७९० त्या ऑगस्टच्या रविवारचे.

१६ जून २०२५

शाळा सुरू. पहिलीची नवी मुलं, सगळ्यांच्या पाठीवर त्यांच्याएवढीच दप्तरं. मनगट मोडलेली मुलगी आता तिसरीत आहे, दुकानात खोडरबर घ्यायला आली होती.

परवा जलवाहिनीसाठी रस्ता खणला. चौदातले तीन पट्टे गेले, त्यात अर्धा पेटणारा सहावाही गेला. वर माती टाकून ठेवलीय, पाऊस आला की चिखल. फोटो काढले आणि अर्ज दिला. विषय: 'शाळेसमोरील पादचारी मार्गाची पाहणी करणेबाबत'. आवक क्रमांक मिळालाय. तोवर त्या मातीच्या दोन्ही टोकांना दोन निळी पिंपं आणून ठेवली आहेत.